उलटं बसतंय का बघू

निकमकाका पहिल्यांदा माझ्या खोलीत आले ते वरती नवा भाडेकरू कोण आलाय हे बघायला. मी म्हणालो, बसा, चहा टाकतो. चहाला उकळी येईपर्यंत त्यांनी माझा नवाकोरा मिक्सर जवळ ओढला, जार काढला, हातात फिरवून बघितला आणि हँडल भिंतीकडे जाईल असा परत दाबून बसवला. टक् असा आवाज झाला.

"बसला!" काका म्हणाले.

आवाजात एवढा आनंद होता की मला वाटलं, मिक्सरमध्ये काहीतरी बिघाड असणार आणि यांनी तो काढून टाकला. मी आभार मानले. काका माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत राहिले.

"आभार कसले मानताय, पाटील? उलटा बसलाय. ह्यो असा बसायलाच नको व्हता."

मग त्यांनी चहा घेतला, झ्याक झालाय म्हणाले आणि जाताजाता टीव्हीच्या रिमोटमध्ये बॅटऱ्या उलट्या बसतात का तेही बघून गेले. बसत होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी रिमोट बिघडला असंच समजत होतो.

काका हवाईदलातून वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. उभा जन्म विमानांच्या पोटात डोकं घालून गेला. मूळचे कोरेगावकडचे. शेवटचं पोस्टिंग चंदिगडला होतं, मुलीचं कॉलेज इथंच चाललं होतं, म्हणून थोडे दिवस राहू म्हणाले ते राहिलेच. सेक्टर बावीसमधल्या आमच्या घरात तळमजल्यावर मालकीणबाई गुरमीत आंटी, मधल्या मजल्यावर निकम कुटुंब आणि गच्चीवरच्या एकुलत्या खोलीत, जिला इथं बरसाती म्हणतात, मी. मी सांगलीचा. बायको पुण्यात नोकरीला आणि मी मोहालीत एका सॉफ्टवेअर कंपनीत सपोर्टला. सपोर्ट म्हणजे दुसऱ्यांनी करून ठेवलेल्या घोटाळ्यांबद्दल दिवसभर आपण माफी मागायची. संध्याकाळी घरी येतो तेव्हा माझ्यात फारसं काही उरलेलं नसतं. माझ्यातली नेमकी हीच गोष्ट काकांना सगळ्यात जास्त आवडली, पण ते नंतर सांगतो.

काकांचं म्हणणं असं की जी वस्तू उलटी बसू शकते ती कधी ना कधी कुणीतरी उलटी बसवणारच. "अन् तो कुणीतरी काय गाढव नसतोय हां," ते बजावायचे. "चांगला कामाचा माणूस असतोय. दमलेला असतोय, नाहीतर घरी लेकराला ताप आलेला असतोय. चांगल्याच माणसाच्या हातनं उलटं बसतंय." त्यामुळे काही बिघडलं की आपण सगळे जो पहिला प्रश्न विचारतो, तो ते कधीच विचारायचे नाहीत. कुणी केलं, याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. ते विचारायचे, होऊच कसं शकलं?

त्यांचा विशेष राग 'मॉड'वर. मॉड म्हणजे मॉडिफिकेशन. बरं चाललेल्या विमानात काहीतरी बदलायचं, नवं बसवायचं. जुन्या यंत्राच्या खोडी सगळ्यांच्या अंगवळणी पडलेल्या असतात, नव्याच्या कुणालाच ठाऊक नसतात, आणि हात मात्र जुन्याच सवयीनं चालत राहतात. विमानं सुटली तरी हा राग काही सुटला नाही. तो घरी आला. सुमनकाकूंनी एकदा मिसळणाच्या डब्यात जिऱ्याची वाटी मोहरीच्या जागी ठेवली तर काका कमरेवर हात ठेवून उभे.

"मॉड कुणाला विचारून केलं? फुडच्या शिफ्टला सांगितलं व्हतं का?"

पुढची शिफ्ट म्हणजे ते स्वतः, कारण रविवारचे पोहे त्यांच्याकडे असत.

"शिफ्टला डोळं हायत न्हवं?" काकू म्हणाल्या. काकू साताऱ्याच्या. त्यांच्या ठेच्यात आणि बोलण्यात तिखट सारखंच असायचं.

काका गोल गळ्याचा स्वेटर घालत नसत. उलटा बसतो. काकूंनी त्यांच्यासाठी विणलेले सगळे स्वेटर पुढून तिकोनी गळ्याचे. कुणी मीठ घालत असेल तर त्याच्याशी बोलायचं नाही, आणि बोललंच तर त्यानं भाजी चाखून मगच पुढं जायचं, असा घरचा कायदा होता. मी नव्या फोनचा चार्जर दाखवला, जो दोन्ही बाजूंनी बसतो, तेव्हा मात्र काकांनी तो असा काही उलटसुलट करून घातला-काढला की मला चार्जरची काळजी वाटू लागली. "ह्येला म्हणायचं मॉड!" ते म्हणाले. "उलटं असं काय ठिवलंच न्हाई!" त्यानंतर बरेच दिवस ते भेटेल त्याला त्या अनोळखी इंजिनिअरचं कौतुक सांगत होते.

गुरमीत आंटींकडे प्लंबरनं नवा नळ बसवला. निळ्या खुणेकडे फिरवला की गरम पाणी आणि लाल खुणेकडे फिरवला की गार. काकांनी आंटींना तो बदलून घ्या म्हणून सांगितलं. आंटी म्हणाल्या, "मैनूं पता है ना जी, होर की चाहिदा?"

"आपको पता है," काका आपल्या सातारी हिंदीत म्हणाले, "मेहमान को किधर पता है?"

जानेवारीत लुधियान्याहून आंटींचे मोठे दीर आले. बाहेर असं धुकं की समोरचं फाटक दिसेना. ते अंघोळीला गेले, लाल खूण बघून नळ सोडला आणि त्यांनी फोडलेली किंकाळी मला बरसातीत ऐकू आली. काका दोन-दोन पायऱ्या उतरत खाली धावले. मला वाटलं, टॉवेल घेऊन जातायत. मी पोचलो तेव्हा कुडकुडणाऱ्या त्या भल्या गृहस्थांना ते बाथरूमच्या दाराबाहेरून विचारत होते, "कौनसे हात से घुमाया जी? देखके घुमाया, या आदत से?"

अख्ख्या चंदिगडवरही त्यांचा आक्षेप आहे. सगळे चौक सारखे, सगळी झाडं सारखी, घरं सारखी. एकसारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवायच्या नसतात, आणि इथं तर शहरच तसं बांधलंय म्हणतात. एकदा त्यांचे मेहुणे गावाहून येणार होते. काका सेक्टर त्रेचाळीसच्या बसस्टँडवर थांबले आणि मेहुणे सतराच्या स्टँडवर उतरून बसले. दोन्हीकडून फोनवर एकच वाक्य चाललेलं, "मी बसस्टँडवरच हाय!" काकूंनी भावाची बाजू घेत काकांना धारेवर धरलं. काका शांत. दोन स्टँडांना लोक एकाच नावानं हाक मारतात, यात मेहुण्याची काय चूक, असं म्हणून त्यांनी उलट मेहुण्यालाच जास्तीचं श्रीखंड वाढलं.

आता माझ्याबद्दल. एखादी वस्तू तपासायला हुशार, ताजातवाना माणूस उपयोगाचा नाही, असं काकांचं ठाम मत होतं. तो नीटच बसवणार. तपासायला हवा तो दमलेला, भुकेला, मनात भलतंच काहीतरी असलेला माणूस. असा माणूस त्यांना मी भेटलो. संध्याकाळी माझी स्कूटर आली आणि फाटकाची कडी मला पहिल्या झटक्यात लागली नाही, की ते गॅलरीतून वाकायचे.

"दमलाय का, पाटील?"

"हो, काका."

"लई?"

"लई."

"झ्याक! या आमच्याकडं."

मग माझ्यापुढे काकूंचा नवा कुकर, नाहीतर त्यांच्या गोळ्यांचा कप्प्याकप्प्यांचा डबा, नाहीतर नळाचं नवं फिल्टर यायचं आणि मी ते माझ्या अंगभूत वेंधळेपणानं बसवायचो. काका हाताची घडी घालून बघत राहायचे. कधी म्हणायचे, "असा माणूस मिळत न्हाई हो." मी तो अपमान गिळायचो, कारण त्यानंतर काकूंच्या हातची भाकरी आणि ठेचा मिळायचा.

त्यांची एकुलती एक मुलगी वृषाली. छावणी-छावणीतून वाढलेली. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते हिंदीत. जेवताना काका सातारी बोलीत बोलायचे, ती हिंदीत उत्तर द्यायची, आणि नवख्याला वाटावं की टेबलावर दोन वेगवेगळी भांडणं चालली आहेत. ती विमानाची इंजिनिअर झाली आणि शहराबाहेरच्या एका खाजगी कंपनीत लागली. ही कंपनी शिकाऊ वैमानिकांच्या जुन्या लहान विमानांमध्ये नवेनवे बदल करून देते. म्हणजे काकांच्या पोटच्या पोरीनं धंदा निवडला तो मॉडचा.

तिचं काम काकांना आवडत नव्हतं असं नाही. पण काकांना कौतुक करता येत नाही. ती कॉलेजात पहिली आली तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "चुकलं काय काय?" लहानपणापासून तिनं केलेलं प्रत्येक मातीचं घर, कागदाचं विमान, शाळेचं मॉडेल काकांनी हातात घेतलं होतं आणि कुठलं ना कुठलं टोक उलटं बसवून दाखवलं होतं. एकदा गच्चीवर कपडे वाळत घालताना ती मला म्हणाली, "भैया, मुझे ज़िंदगी में बस एक चीज़ चाहिए। मैं कुछ बनाऊँ, पापा घंटा भर लगे रहें, और वो उल्टा ना बैठे।" हसत म्हणाली, पण मी तिला लहानपणापासून ओळखत नसूनही मला कळलं की ही थट्टा नव्हे.

आणि मग तिला पहिलं स्वतःचं मॉड मिळालं. इंधनाच्या नळीत बसवायची एक छोटी झडप. इंधन इंजिनाकडे जाऊ द्यायचं, मागं येऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. उलटी बसली तर इंजिनाला इंधनच मिळणार नाही, तेही कदाचित विमान वर गेल्यावर. सगळे आराखडे तयार झाले, दुसऱ्या दिवशी मंजुरीसाठी जायचे होते. त्या संध्याकाळी वृषाली झडपेची प्लास्टिकची नक्कल, नळीच्या तुकड्यासकट, एका डब्यात घालून घरी घेऊन आली. बरोबर मार्केटमधून गरम जिलब्या. मला वरून बोलावलं, आंटींना खालून बोलावलं. डबा काकांपुढे ठेवला.

"आज आपका 'बसलं' नहीं चलेगा, पापा।"

काकांनी बाह्या सरसावल्या. झडपेची दोन टोकं वेगवेगळ्या मापाची होती, वर ठळक बाण काढलेला.

"बाण कुणासाठी?"

"जो लगाएगा, उसके लिए।"

"त्येला दिसला तर," काका म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढून ठेवला. नंतर काकूंचे लोकरीचे हातमोजे चढवले, कारण हिवाळ्यात हँगरमध्ये बोटं गारठतात. नंतर हात टेबलाखाली घेऊन न बघता प्रयत्न केला. मग काकूंना हुकूम झाला, मला सारखं काहीतरी विचारत राहा. काकूंना आयती संधी मिळाली. गॅसचा नंबर का लावला नाही इथपासून सुरू करून त्या लग्नात मानपानावरून झालेल्या भांडणापर्यंत पोचल्या. आंटींनी उत्साहाच्या भरात दिवाच घालवला. अंधारात काकांचा श्वास आणि काकूंचा आवाज. दिवा लागला तेव्हा झडप काकांच्या हातात होती, आणि नळी दुसऱ्या हातात. उलटी बसत नव्हती.

आंटींनी टाळ्या वाजवल्या. वृषालीचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलीचा नव्हता तो, यात्रेत हरवून आईबापांना परत सापडलेल्या पोरीचा होता. जिलब्या फिरल्या. सगळे एकदम बोलू लागले.

मी काकांच्या शेजारी होतो. त्या डब्यात झडपेबरोबर दोन सुटे जोडतुकडे होते, दोन टोकांना दोन, झडप नळीला जोडण्यासाठी. जिलबी घेताना काकांचं कोपर लागून ते खाली पडले. काकांनी वाकून उचलले, हाताला आले तसे टोकांवर लावले, थोडा जोर दिला आणि नळीला टेकवले. टक्. अगदी बारीक आवाज. काकांनी हातातल्या झडपेकडे पाहिलं. मग सगळं सोडवलं, डब्यात ठेवलं, झाकण लावलं. मला वाटलं, आवराआवर करतायत. जिलबी घेतली, खाऊ लागले. समोर आंटी वृषालीचा चेहरा ओंजळीत धरून "जिउंदी रह, पुत्त" असा आशीर्वाद देत होत्या. काकांची जिलबी अर्धी झाली. ती त्यांनी बशीत ठेवली, हात पुसले आणि डबा परत उघडला.

"वृषे," ते म्हणाले, "हिकडं ये. बसली बघ."

त्यांच्या तोंडून हा शब्द मी असा कधी ऐकला नव्हता. आनंद अजिबात नव्हता.

तुकड्यांची अदलाबदल केली की झडप उलटी बसत होती. बाण मागं, इंधन बंद. वृषालीनं स्वतः करून पाहिलं. एकदा, परत एकदा.

"कल सबमिट करना था, पापा।"

"म्हणून तर आज सांगतोय."

"एक दिन," ती म्हणाली, "बस एक दिन आप बाकी सबके पापा जैसे नहीं हो सकते थे?" आणि ती आत निघून गेली. आंटी हातात जिलबी धरून तशाच बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी तिनं आराखडे पाठवले नाहीत. ऑफिसात साहेबांनी बोल लावला, तारीख पुढं गेली, काम पहिल्यापासून. आणि घरात तिनं काकांशी बोलणं बंद केलं. एकाच खोलीत बसून निरोप काकूंमार्फत जाऊ लागले. "तिला म्हणावं, स्कूटीत हवा कमी हाय." "मम्मी, उनको बोलो भरवा ली।" काकू थोडे दिवस निरोप पोचवत राहिल्या, मग एक दिवस लाटणं आपटून म्हणाल्या, "मी काय टॉवर हाय व्हय? समोरासमोर बसलायसा, तोंडानं बोला की!"

काकांनी काही दाखवलं नाही. पण माझ्याकडे आले की नुसते बसायचे. मी नवी किटली आणली होती. तिच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. शेवटी न राहवून मीच म्हणालो, "काका, या झाकणाचं काही खरं नाही. उलटं बसतंय बहुतेक."

"बसंना का," काका म्हणाले.

मी घाबरलो. रात्री फोनवर बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, उलटं बसवत नाहीत म्हणून कुणी डॉक्टरकडे नेतं का? तिला काय सांगणार. ती त्यांना ओळखत नव्हती.

मग हिवाळा सुरू होताहोता एका सकाळी वृषालीनं तसाच एक डबा काकांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला. आपल्या खोलीत गेली, पण दार पुरतं लावलं नाही. काकूंना वाटलं, झालं, मिटलं. काकांनी चहा घेतला आणि फिरायला निघून गेले. डबा तिथंच. दुसऱ्या दिवशीही तिथंच. टेबल पुसताना काका डबा उचलायचे, खालून पुसायचे आणि होता तिथंच ठेवायचे. जिन्यात वृषाली मला भेटली तेव्हा तिचे डोळे लाल होते. "देखा, भैया? हाथ तक नहीं लगाया। मैं इतनी बेकार हूँ क्या?"

त्याच संध्याकाळी काका बरसातीत आले.

"दमलाय?"

"हो, काका."

या वेळी ते झ्याक म्हणाले नाहीत. माझ्या कॉटवर बसले. "खाली डबा हाय. तुम्ही बघा."

"मी? काका, पोरगी तुमची वाट बघतेय. तुम्ही बघा की."

"मी न्हाई बघायचा." ते किटलीकडे बघत म्हणाले, "आमच्यात नियम हाय, पाटील. ज्यानं काम केलं त्यानं ते तपासायचं न्हाई. दुसऱ्यानं तपासायचं. कारण आपलं काम आपल्याला बरोबरच दिसतंय."

"पण काम तिनं केलंय. तुम्ही कुठं केलंय?"

"त्या दिशी जिलबी खात व्हतो बघा," काका म्हणाले. "तवा बसली व्हती. आधीच. मी काढून डब्यात ठिवली. झाकण लावलं. म्हटलं, कुणी बघितलं न्हाई. पोरगी एवढी हसतीया, हसू दे. उद्याचं उद्या बघू." त्यांचा आवाज चिरकला. "उभ्या जन्मात कुणाचं काय लपवलं न्हाई, पाटील. जिवाभावाच्या दोस्तांचं न्हाई. हिचं लपवलं. अर्धी जिलबी खाईपतोर लपवलं."

"पण सांगितलंत ना."

"ह्या टायमाला सांगीन का? परत बसली, अन् मी पुरी जिलबी खाल्ली तर?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "त्या डब्याफुडं मी इन्स्पेक्टर न्हाई ऱ्हायलो. बाप झालोय. बापाची सही चालत नसती."

मी स्लिपर घातल्या आणि निघालो. काका माझ्यामागून आले, पण मधल्या जिन्याच्या पायरीवर बसले. आत यायला तयार होईनात.

मी टेबलाशी बसलो आणि डबा उघडला. समोर वृषाली उभी, दारात काकू. मी माझ्या परीनं सगळं केलं. हातमोजे घातले. तूप लागलेल्या बोटांनी केलं. मध्येच मॅनेजरचा फोन आला, तो खांद्यात धरून एका गिऱ्हाइकाची माफी मागतमागत केलं. झडप दोनदा खाली पाडली. एवढा मन लावून वेंधळेपणा मी आजवर केला नव्हता, कारण जिन्यात बसलेल्या माणसाची मी फसवणूक करतोय असं मला वाटायला नको होतं. पण या वेळी तुकडे सुटे नव्हतेच. ते झडपेचेच भाग झाले होते. अदलाबदल करायला काही उरलंच नव्हतं. तव्यावर काकूंची भाकरी करपली तरी मी झटत होतो.

"नाही बसत," मी शेवटी म्हणालो.

वृषाली हसली नाही. "पापा ने आपको भेजा है? खुद क्यों नहीं आए?"

माझी हिंदी यथातथाच. तरी मी तिला सगळं सांगितलं. झाकण लावलं ते, आणि अर्धी जिलबी. ऐकताना ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी तिच्या वडिलांवर भलताच आळ घेतोय.

"छुपाया? पापा ने?"

"हो."

"मेरे लिए?"

मी मान हलवली. ती अनवाणीच बाहेर गेली.

काकूंनी मला भाकरी वाढायला घेतली, पण त्यांचं लक्ष दाराकडे होतं आणि भाकरी ताटाऐवजी टेबलावर पडली. मी म्हटलं, आपण निघावं. बाहेर आलो तर दोघं माझ्याच वाटेवर बसलेली. काका वरच्या पायरीवर, ती त्यांच्या पायाशी खालच्या पायरीवर.

"पाटलानं नीट बघितलं न्हवं?" काका विचारत होते. "लई दमलेला व्हता?"

"बहुत।"

"फोन-बिन आला व्हता मधी?"

"आया था, पापा। नहीं बैठा।"

काकांनी बराच वेळ मान डोलावली. मग तिचे हात हातात घेतले. नमुने कानशीनं घासताना बोटांवर कापल्याच्या खुणा उठल्या होत्या. त्या ते अंगठ्यानं हळूहळू चाचपत राहिले.

"हातमोजं घातलं नव्हतंस?" ते म्हणाले. आणि लगेच, जणू तोच प्रश्न पुढं चाललाय अशा आवाजात, "झ्याक केलंयस, वृषे. मला जमलं नसतं."

ती त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून मोठ्यानं रडायला लागली. काकांना काय करावं कळेना. त्यांनी तिकोनी गळ्याच्या स्वेटरची बाही ओढून तिचं नाक पुसलं.

मला वर जायचं होतं, पण जिन्यात जागा नव्हती आणि सरका म्हणायचं धैर्य नव्हतं. मी मुकाट्यानं खाली उतरून आंटींचं दार वाजवलं. आंटींनी रडणं ऐकलंच होतं. "की होया? फेर लड़ाई?"

"नहीं आंटी, बातें कर रहे हैं।"

आंटींनी टीव्हीचा आवाज बंद केला. दार थोडं उघडं ठेवलं आणि आम्ही दोघं, अजिबात लाज न बाळगता, कान लावून बसलो. वर काका झडपेबद्दल एकेक विचारत होते आणि ती रडतरडत, मध्येच नाक ओढत, सांगत होती. काका म्हणत होते, अस्सं, अस्सं, मग? आंटींनी ओढणीनं डोळे पुसले. त्यांना मराठीचं अक्षर कळत नाही, आणि झडपांचं तर हिंदीतही नाही.

"कुछ समझीं, आंटी?"

"समझना की है पुत्तर," आंटी म्हणाल्या. "पिओ धी नाल गल्लां कर रेहा है।" बाप लेकीशी बोलतोय, त्यात समजायचं काय.

मग त्या माझ्यासाठी पराठे लाटायला उठल्या. जिना मोकळा व्हायला पुष्कळ वेळ लागला. मला काही घाई नव्हती.